नमुन्याच्या वहीतली सही

यॉर्क, शुक्रवार, २६ जून १७७८

प्रिय ओटिली,

हे पत्र घेऊन येणाऱ्या गाडीवानाला आधी पोटभर जेवायला घाल आणि मगच वाचायला बस. त्याचं नाव यॉस्ट ट्रॉस्टल. माणूस फार बोलणारा नाही. दुसऱ्यांदा वाढायला गेलीस तर नको नको म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. घोड्यांपुढेही काहीतरी टाक. एवढी सरबराई कशासाठी, ते पुढे येईलच. आणि माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, फक्त हात पूर्वीचा राहिलेला नाही. ही पानं लिहायला मला चार दिवस लागले. एक ओळ लिहायची, हात मांडीवर ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचं, मग पुढची ओळ.

खिडकीबाहेर बघायला सध्या पुष्कळ आहे. इंग्लंडच्या राजाच्या फौजेने फिलाडेल्फिया सोडल्याची बातमी आली आणि नऊ महिने आपल्या गावात तळ ठोकून बसलेल्या बंडखोर वसाहतींच्या सभेला एका दिवसात घरची आठवण झाली. उद्या निघणार. चौकात सकाळपासून गाड्या उभ्या आहेत. आले तेव्हा पाच पेट्या घेऊन आले होते, जाताना एकोणीस पेट्या आहेत आणि सगळ्यांत कागद. पेट्या चढवणारे हमाल काल एकमेकांना सांगत होते, ‘अरे, जपून! ही स्वातंत्र्याची पेटी आहे.’ ‘हिच्यात काय आहे?’ ‘मागच्या हिवाळ्यातल्या मेणबत्त्यांची बिलं.’ लोक हसले. मीही हसलो. पण त्यांना वाटतं तेवढी ती थट्टा नाही.

तुझ्या नव्या गावात लोक विचारत असतील, बंडखोर सभा तुमच्याच गावात होती, मग तुम्ही काय काय पाहिलंत? त्यांना खरं सांगितलंस तर विश्वास बसणार नाही. सभेने छापलेल्या नोटांवर आपल्या शाळेच्या खोलीत सह्या करून ते गठ्ठे मी रोज सभेच्या कचेरीत पोचवायला जायचो, तेव्हा दार उघडं असेल तेवढं कानावर पडायचं. वाटायचं, आज काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. आत काय चाललेलं असायचं? अमुक कॅप्टनच्या शवपेटीचे सुताराला इतके द्यावेत. टपाल नेणाऱ्याचा घोडा वाटेत मेला, त्याची भरपाई द्यावी. कचेरीच्या दाराची बिजागरी बदलावी. सभेच्या शेगडीसाठी घेतलेलं सरपण निम्मं ओलं निघालं, त्याची चौकशी करायला तीन सभासदांची समिती नेमावी. मग त्या समितीने अहवाल द्यायचा, तो वाचायचा, टेबलावर ठेवायचा आणि उद्यावर ढकलायचा. या लोकांची कीव यायची, ओटिली. एका राजाशी लढायला निघालेली ही माणसं, आणि त्यांचे डोळे लाल व्हायचे ते ओल्या सरपणाच्या धुराने.

ट्रॉस्टलचं प्रकरण मी असंच दाराशी उभा राहून ऐकलं होतं. त्याने डिसेंबरात आपल्या सैन्याच्या छावणीवर पिठाची चौदा पिंपं पोचवली होती, बर्फातून. तेरा पिंपांच्या पावत्या होत्या. चौदाव्या पिंपाची पावती नदी ओलांडताना भिजून तिचा लगदा झाला. तो बिचारा तो लगदा रुमालात बांधून घेऊन आला होता. अर्ज वाचला गेला, समितीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. अकरा आठवडे त्याने हेलपाटे घातले. शेवटी तेरा पिंपांचं भाडं मंजूर झालं आणि खजिन्यातून त्याच्या हातावर नोटांची चळत पडली. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाला, ‘मास्तर, तुमचीच सही आहे म्हणायची यांच्यावर. घोड्यांना दाखवतो, त्यांनाही वाचता येत नाही.’ मला बरं वाटलं होतं. तुझ्याजवळ काय लपवायचं? नोटांवर आपलं नाव आहे, ते सगळ्या वसाहतींमधून फिरतंय, याचा मला गर्व झाला होता. चाळीस वर्षं पोरांची अक्षरं सुधारली आणि आता पहिल्यांदा कोणालातरी माझ्या अक्षराची किंमत कळली, असं वाटायचं.

त्या गर्वापायी मी काय केलं ते तुला माहीत आहे. एकेका नोटेवर दोन सह्या, काळ्या शाईत माझी आणि लाल शाईत लोरेन्झची. रोज आठशे. ज्या अर्थी छावणीवर पगार थकलेत, त्या अर्थी हजार केल्यात तर बरं, असं खजिन्याचा कारकून रोज सकाळी गठ्ठा ठेवताना सांगायचा. तिसऱ्या आठवड्यात अंगठा आखडायला लागला. मग दोन बोटं. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी लेखणी धरली की हात आपोआप उडायचा. सोमवार, मंगळवार, बुधवार मी तशाच सह्या केल्या, डाव्या हाताने उजव्याचं मनगट दाबून धरून. बुधवारी दुपारी तू कणकेचे हात पुसत आलीस, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, ‘बाबा, सरका जरा.’

मी सरकलो. ते आता पुन्हा पुन्हा आठवतं. मी तुला कर असं म्हटलं नाही, पण करू नकोस असंही म्हटलं नाही. दुसरा कोणी सही करणारा नेमायचा तर ठराव, समिती आणि तीन आठवडे जातील, तोवर छावणीत पोरं अनवाणी राहतील, हे मी स्वतःला सांगितलं. तेही खरंच होतं. पण माझं नाव त्या यादीतून निघायला नको होतं, हे जास्त खरं होतं. शिवाय मार्चमध्ये तुझं लग्न ठरलेलं, लग्नाची पेटी करायची होती, गाय द्यायची होती आणि सह्यांचे पैसे दर हजार नोटांमागे मिळत होते. तू आठ दिवसांत माझ्यापेक्षा भराभर सह्या करायला लागलीस. संध्याकाळी लोरेन्झ लाल शाईची दौत घेऊन यायचा. पहिल्याच दिवशी त्याने चष्मा चढवून पानं पाहिली, मग माझ्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं, मग तुझ्या बोटांवरची शाई पाहिली आणि म्हणाला, ‘मेल्खिओर, तुझ्या हाताला देव पावलेला दिसतो.’ बस. त्यानंतर तुझ्या लग्नापर्यंतचे चार आठवडे त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पण तोंडाला कुलूप घालावं तर त्यानेच.

आणि ती वही. सह्यांच्या नमुन्यांची जुनी वही फिलाडेल्फियाहून येताना वाटेत कुठेतरी पडली, म्हणून कारकुनाने नवीन वही काढली आणि घरोघर फिरवली. आपल्याकडे आली तेव्हा मी हात गरम पाण्यात घालून बसलो होतो. ‘ठेवून जा, उद्या देतो,’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू बाकीच्या आठशे सह्यांबरोबर त्या वहीतही एक करून टाकलीस. आपल्याला दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आठशे एकावी सही, दुसरं काय! तू सासरी गेल्यावर हात दुखतोय असं सांगून मी नवे गठ्ठे घेतले नाहीत, पण नाव यादीत तसंच राहिलं.

आता काय झालं ते सांगतो. मेच्या शेवटी ट्रॉस्टल मीठ घ्यायला गेला. मिठाचा भाव काय झालाय ते तुला माहीत आहे. त्याने तीस डॉलरची नोट पुढे केली. दुकानदाराने ती उजेडात धरली, दुसऱ्या नोटेशेजारी ठेवली आणि शिपायाला बोलावलं. इंग्रजांनी न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या खोट्या नोटा बाजारात इतक्या झाल्यात की प्रत्येक दुकानदार आता स्वतःला पारखी समजतो. पण हा दुकानदार चुकला असं तरी कसं म्हणू? ट्रॉस्टलच्या नोटेवरची माझी सही वेडीवाकडी होती. शेजारच्या नोटेवरची सुबक होती. नोट समितीकडे गेली, समितीने नमुन्याची वही काढली, सही जुळली नाही. ट्रॉस्टलजवळ तशा आणखी नऊ नोटा निघाल्या. त्याला तुरुंगात घातलं. कुठून आणल्यास विचारलं तर तो म्हणाला, तुमच्याच खजिन्यातून. यावर म्हणे सगळे हसले.

तुझ्या लक्षात आलं असेल. त्या दहा नोटा त्या तीन दिवसांतल्या होत्या, सोमवार ते बुधवारच्या. म्हणजे माझ्या स्वतःच्या हाताच्या. सभेने ज्याला खरा म्हणून नेमलं त्याची सही खोटी ठरली होती आणि ती खोटी ठरवायला वहीतला जो नमुना वापरला, तो तुझा होता.

खोटी नोट चालवणाऱ्याला काय शिक्षा आहे, ते चौकात लाकडी पाटीवर लिहून लावलंय. खोड्यात उभं करायचं, दोन्ही कान कापायचे, एकतीस फटके मारायचे. खोटी सही करणाऱ्याला फाशी. त्या पाटीवरचं अक्षर माझंच आहे. गेल्या वर्षी मीच रंगवली होती.

ट्रॉस्टलची बायको माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. मला म्हणाली, ‘मास्तर, नाव तुमचं आहे ना नोटेवर? मग तुम्ही नुसतं जाऊन सांगा की, माझंच आहे म्हणून. तुमचं काय जातं? माझ्या माणसाचे कान जातील हो.’ मी म्हणालो, बघतो. ‘बघतो’ म्हणालो, ओटिली. आणि त्यानंतर पाच दिवस मी घराबाहेर पडलो नाही. रविवारी देवळात वाचन करायला गेलो नाही, ताप आहे म्हणून कळवलं. एका बाजूला त्या माणसाचे कान आणि दुसऱ्या बाजूला तू, आणि मी मधे बसून राहिलो. माझी मला लाज वाटते. तो माणूस एकवीस दिवस तुरुंगात होता, त्यातले पाच निव्वळ माझ्यामुळे. ते पाच दिवस मी त्याला परत कसे देणार?

सहाव्या दिवशी लोरेन्झ आला. खुर्चीत बसला, पाइप पेटवला आणि म्हणाला, ‘उद्या समिती बसतेय. तू येणार नसलास तर मी जातो. पण मी लाल शाईवाला. माझ्या सहीबद्दल कोणाला शंका नाही, मला विचारणार कोण?’ म्हणून गेल्या गुरुवारी मी गेलो.

कचेरीत वरच्या मजल्यावर समिती बसली होती. समिती म्हणजे मुख्यतः मिस्टर पेल. ते न्यू इंग्लंडचे उंच, खोकणारे सभासद, ते तुला आठवतील. आपल्या आपोलोनियाकडे उतरले होते आणि आंबवलेल्या कोबीच्या नावाने बोटं मोडायचे. त्यांच्यासमोर अर्जांचा हा एवढा ढीग साचलेला. मी जाऊन उभा राहिलो तेव्हा ते एका विधवेला तंबूच्या कापडाचे पैसे द्यायचे की नाहीत ते ठरवत होते. ते ठरवून झाल्यावर त्यांनी ट्रॉस्टलची नोट माझ्यापुढे सरकवली. ‘मास्तर, ही सही तुमची?’ मी म्हणालो, माझी. ‘नीट पाहा.’ पाहिली साहेब, माझीच. ‘शपथेवर सांगता?’ ज्या पुस्तकातून मी दर रविवारी वाचतो त्याच्यावर हात ठेवला आणि सांगितलं. तेवढं तरी खरं होतं.

मग त्यांनी कोरा कागद दिला. ‘करा सही.’ मी केली. हात उडाला, शाई सांडली, सही वेडीवाकडी झाली. त्यांनी भिंग काढलं. नोट आणि कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मग ट्रॉस्टलकडे न बघताच शिपायाला म्हणाले, ‘याला सोडा.’ ट्रॉस्टल एवढा दणकट माणूस. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. पेलसाहेबांनी नमुन्याची वही उघडली आणि माझ्याकडे फिरवली. ‘मग ही कोणाची?’

ओटिली, तुझी ती सही मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. इतके दिवस वाटायचं, आपलं अक्षर तू जसंच्या तसं उचललंस. चार वर्षांची असल्यापासून माझ्या मांडीवर बसून गिरवलंस, त्यात वेगळं काय असणार? पण त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि मला दिसलं. शेवटच्या अक्षराची शेपटी मी खाली सोडतो, माझ्या मास्तरांनी शिकवली तशी. तू ती वर नेतेस. बारीकशी वर, आणि टोकाला एक गिरकी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर तू पक्षी काढतेस, त्यांच्या शेपटीसारखी. हे तू कधीपासून करायला लागलीस? मी तुला कधी शिकवलं नव्हतं. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्याही आधी मनात आलं, की पोरीने सुधारणा केली. माझ्या चाळीस वर्षांच्या अक्षरात सुधारणा केली आणि बोललीसुद्धा नाही.

मी म्हणालो, ‘तीही माझीच.’ पुस्तकावरचा हात मी अजून काढला नव्हता. पेलसाहेब म्हणाले, ‘आधी चांगली, मग वाईट, मग पुन्हा चांगली, आता पुन्हा वाईट?’ तेव्हा मागून लोरेन्झ पुढे आला. ‘साहेब, मी घड्याळं दुरुस्त करतो. कडाक्याच्या थंडीत चांगलं चांगलं घड्याळ मागं पडतं, जरा ऊब मिळाली की सुरळीत चालतं, आणि जुनं असेल तर एके दिवशी बंदच पडतं. याचा हात तसाच. एकूण एक सही माझ्यासमोर झालीय.’ त्यानेही शपथ घेतली. आयुष्यात कोणाला एक मिनिट पुढचं घड्याळ विकलं नाही त्या माणसाने.

पेलसाहेब खोकले. पुढच्या अर्जावर हात ठेवून म्हणाले, ‘आमच्या परतीच्या गाड्या आज ना उद्या निघतील. ही वही फिलाडेल्फियाला जाईल आणि तिथे माझ्यापेक्षा जास्त वेळ असलेला माणूस ती पाहील. तुमच्या घरात लिहिलेला जो काही कागद असेल, तो सोमवारी मला आणून दाखवा. तुमच्या हातचा आणि घरातल्या इतर कोणाच्या हातचा.’ इतर कोणाच्या, हे शब्द ते सावकाश बोलले.

घरातले कागद निस्तरणं सोपं होतं. तुझ्या वह्या, पाककृतींचे कागद, लग्नाआधी फाल्टिनला लिहिलेल्या आणि न पाठवलेल्या चिठ्ठ्या (मी वाचल्या नाहीत) सगळं शाळेच्या शेगडीत गेलं. पण गावातल्या सात घरांच्या भिंतींवर तू काढलेले बाप्तिस्म्याचे दाखले होते. पक्षी, फुलं आणि खाली तुझं अक्षर, प्रत्येक शेपटी वर. मी दारोदार फिरलो. ‘रंग उडालाय, जरा ठीकठाक करून देतो,’ असं सांगून एकेक उतरवून आणला. लोकांनी आनंदाने दिले, वर सफरचंदाचा मुरंबाही दिला. सहा दाखले मी जाळले. मुरंबा अजून तसाच पडलाय. त्या सहा घरांना नवीन दाखले करून द्यायचं मी कबूल केलंय. आता त्यांच्या पोरांच्या नावांवर माझे थरथरणारे पक्षी बसतील.

सातवा आपोलोनियाकडे होता. तिच्या युलियानाचा, अठरा दिवस जगलेल्या पोरीचा. तिच्याजवळ त्या पोरीची तेवढीच एक वस्तू आहे. आणि तो दाखला टांगलेला होता पुढच्या खोलीत, जिथे नऊ महिने पेलसाहेब राहिले, त्यांच्या दाढीच्या आरशाशेजारी. सोमवारी सकाळी पाय ओढत मी तिथे गेलो. ते कचेरीत गेलेले होते. भिंतीवर नुसता खिळा होता. मी आपोलोनियाला विचारलं. ती म्हणाली, ‘आज काय सगळ्यांनाच माझ्या युलियानाची आठवण झालीय? साहेबांनी सकाळी स्वतः उतरवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, बाई, हा तुमच्या पेटीत तळाशी ठेवा. आम्ही निघेपर्यंत बाहेर काढू नका आणि आम्ही गेल्यावरही कोणा परक्याला दाखवू नका. मी म्हटलं, का हो, काय झालं? तर म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे, कोणीतरी उचलून नेईल.’

मग मी माझे कागद घेऊन कचेरीत गेलो. पेलसाहेबांनी ते पाहिलेही नाहीत. माझं नाव सह्या करणाऱ्यांच्या यादीतून काढल्याचा कागद त्यांनी मला दिला, कारण ‘हाताची अशक्तता’ असं लिहिलं होतं, आणि ते पुढच्या अर्जाकडे वळले. कुठल्यातरी चाकाच्या दुरुस्तीचे पैसे. मी जिना उतरेपर्यंत त्यांचा खोकला ऐकू येत होता. त्या माणसाला मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती!

आता तू मला मागच्या पत्रात जे विचारलंस त्याबद्दल. तुला दिवस राहिल्याचं वाचून मी लोरेन्झकडे धावत गेलो, तेव्हा हाताला पीठ लागलेलं होतं, कारण आता भाकरी मीच करतो. तू विचारलंस की बाळाच्या दाखल्यावर पक्षी तुम्ही काढणार की मी काढू? मी काढला, ओटिली. सोबत गुंडाळून पाठवलाय. एक पक्षी बदकासारखा झालाय, त्याला हसलीस तरी चालेल. नावाची जागा मोकळी सोडली आहे. ती तू भरू नकोस. तिकडच्या पाद्रीबाबांकडून भरून घे. याचसाठी हे पत्र लिहिलं. वही फिलाडेल्फियाला चालली आहे, तुझी सही तिच्यात आहे आणि सगळ्या वसाहतींमध्ये वीस हजार नोटांवर आहे. ती मी जाळू शकत नाही. म्हणून तुझं अक्षर टाकून दे. बाजारची यादीसुद्धा त्या अक्षरात लिहू नकोस. दाखले काढू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. मला पत्र लिहिशील ते फाल्टिनच्या हातून लिहून घे. आणि बाळ मोठं होईल, अक्षरं शिकायला मांडीवर येऊन बसेल, तेव्हा त्याला फाल्टिनकडे पाठव. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, मला माहीत आहे. तेच गिरवू दे त्याला. ज्या हाताने तुला लिहायला शिकवलं, त्याच हाताने हे लिहितोय, आणि चार दिवसांतला सगळा वेळ मला या एका परिच्छेदालाच लागला. शेपटी वर नेलीस ते चांगलं केलंस. हे तुला आधी सांगायला हवं होतं. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. वहीतली सही तुझी, हे ट्रॉस्टलला माहीत नाही, त्याला काही सांगू नकोस. जेवताना फक्त त्याच्याकडे एकदा नीट बघ. दोन्ही कान जागेवर आहेत.

पूर्ण नावाने सही करत नाही. यंदा पुष्कळ झाल्या.

तुझाच,
बाबा